लाकडी डबीचं किट: लाकूड एक नंबर, कटिंग एक नंबर, पण पुस्तिकेतलं फिनिशिंगचं पान सोडून द्या

दोन किट मागवली, दोन्ही डब्या पूर्ण बनवल्या, पहिली डबी आठ महिने रोज वापरात आहे आणि मग हा रिव्ह्यू लिहायला बसलेय, त्यामुळे लांबणार आहे, आधीच सांगते. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढंच की किट जरूर घ्या, पण झाकणाच्या फळीला गोंद लावू नका आणि डबीच्या आतून तेल लावू नका. पुस्तिकेत दोन्ही करायला सांगितलंय आणि दोन्ही चूक आहे.

आधी किटमध्ये काय येतं ते सांगते. सागाच्या चार बाजू, १० मिमी जाड आणि ८० मिमी उंच, लांब बाजू २०० मिमीच्या आणि आखूड १२० च्या. टोकं ४५ अंशात कापून येतात. आतून वर आणि खाली ४ मिमीची खाच मारलेली असते. तळाला प्लाय, आणि झाकणाला भरीव सागाची फळी, तिच्या कडा पातळ केलेल्या म्हणजे त्या खाचेत सरकतात. शिवाय पांढऱ्या गोंदाची बाटली, तेलाची बाटली, दोन पितळी बिजागऱ्या, स्क्रू आणि दोन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर. करवत आणि गुण्या आपला आपण बघायचा. डबी आधी पूर्ण बंद चिकटवायची आणि मग वरून २२ मिमीवर जी बारीक रेघ कोरलेली असते तिच्यावरून करवतीने कापून झाकण वेगळं करायचं, अशी पद्धत आहे. ऐकताना भीती वाटते पण छोट्या डबीला हीच पद्धत सगळ्यात चांगली, कारण झाकण आणि खालचा भाग एकाच तुकड्यातून निघतात आणि रेषा तंतोतंत जुळतात.

लाकडाबद्दल मनापासून कौतुक. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने कापलेल्या आहेत, आतल्या बाजूला पेन्सिलीने १ ते ४ आकडे टाकलेत, आणि त्याच क्रमाने लावल्या की लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढच्या बाजूवर जातात, जशी काही एकच पट्टी दुमडली आहे. तीन कोपऱ्यांवर हे जुळतं, चौथ्यावर नाही जुळणार, कारण तिथे फळीची दोन टोकं एकत्र येतात. तो कोपरा मागे ठेवायचा. पुस्तिकेत ह्याबद्दल एक शब्द नाही! ज्याला माहीत नाही तो तुकडे कसेही लावणार आणि एवढ्या निगुतीने कापलेल्या लाकडाची मजाच जाणार, म्हणून मुद्दाम लिहिलं. आकडे घासून काढू नका, निदान गोंद वाळेपर्यंत तरी नको.

कटिंगही तसंच. ४५ अंशाच्या जोडात टोकं आठ असतात, प्रत्येक टोकात अर्ध्या अंशाची चूक असली तरी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ती चार अंश होते आणि तिथे सरळ फट दिसते. मी दोन्ही किट आधी गोंद न लावता जुळवून खिडकीसमोर धरून पाहिली, एकाही कोपऱ्यातून उजेड आला नाही. समोरासमोरच्या बाजू एकमेकींवर ठेवून बोट फिरवलं तर बोटाला पायरी लागत नाही. हे घरी हाताने करायचं म्हटलं तर चांगला सराव लागतो, मला स्वतःला अजून जमत नाही, आणि मी किट घ्यायचं कारणही तेच.

आता चिकटवणं. क्लॅम्प नसले तरी चालतं, पॅकिंगची रुंद चिकटपट्टी पुरते. चारही बाजू टेबलावर क्रमाने, बाहेरची बाजू वर, कोपऱ्याला कोपरा अगदी भिडवून ठेवायच्या आणि वरून पट्टी ताणून लावायची. मग सगळी माळ उलटी करायची, की चार व्ही आकाराच्या चरी वर येतात, त्यात गोंद भरायचा, तळ आणि झाकणाची फळी खाचेत सरकवायची आणि डबी गुंडाळत आणायची. शेवटचा कोपरा पट्टीने ओढून घ्यायचा. पट्टी ताणली जाते आणि तीच क्लॅम्पचं काम करते. लगेच दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले तर डबी काटकोनात आहे, नसतील तर जो लांब असेल तो हाताने हलकेच दाबायचा. ह्या सगळ्याला पाचेक मिनिटं असतात, त्यामुळे आधी एकदा कोरडी तालीम कराच.

सागाबाबत एक गोष्ट, हे लाकूड मुळातच तेलकट असतं, आणि कापून बरेच दिवस पडून राहिलं की ते तेल वर येतं आणि गोंद नीट धरत नाही. म्हणून चिकटवायच्या आधी टोकं ॲसिटोनने पुसून घेतली. फडक्यावर पिवळसर डाग येतो, तेच ते तेल. शिवाय ही टोकं तिरकी कापलेली असल्यामुळे गोंद शोषून घेतात, मग जोडात काही उरतच नाही. आधी एक पातळ हात द्यायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग दुसरा हात. पहिल्या डबीला हे केलं नव्हतं आणि तिचा एक कोपरा करवत चालवताना उघडला होता, दुसरीचे चारही दगडासारखे आहेत. रात्रभर ठेवा, पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात.

आता तक्रारी, आणि त्या मी मनावर घेतल्यात कारण पहिली डबी आईसाठी बनवली होती, तिच्या सुया, रिळं, बटणं ठेवायला.

पुस्तिकेत लिहिलंय की तळ आणि झाकण दोन्ही खाचेत सगळीकडून गोंद लावून पक्के करा. तळाला प्लाय आहे, त्याला गोंद लावला तर काही बिघडत नाही, उलट मजबुती येते. पण झाकणाची फळी भरीव लाकडाची आहे! लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याबरोबर फुगतं आणि आटतं, तेही लांबीत जवळजवळ नाही, सगळं रुंदीत. साधारण १०८ मिमी रुंद सागाची फळी दमट आणि कोरड्या दिवसांत मिळून अर्धा ते एक मिमी इकडेतिकडे होऊ शकते. ऐकायला काहीच नाही वाटत, पण दोन्ही कडा गोंदाने धरून ठेवल्या तर त्या एका मिमीला जायला जागाच नाही. मी पुस्तिकेवर विश्वास ठेवला, दमट दिवसांत डबी चिकटवली, आणि दोनेक महिन्यांनी हवा कोरडी झाल्यावर एका रात्री खोलीत टक् असा आवाज आला. आईच उठून बघायला गेली, म्हणाली, "अगं, तुझी डबी बोलली बघ." झाकणाच्या मधोमध, रेषेला धरून, केसाएवढी चीर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी खूप वेळ ती चीर बोटाने चाचपत बसले होते, इतकं वाईट वाटलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर दोन दिवसांत उत्तर आलं, माफी मागितली आणि नवीन फळी फुकट पाठवली, हे त्यांच्या बाजूने नक्की लिहायला हवं. पण चारही बाजूंनी चिकटलेली फळी डबी न मोडता निघत नाही, त्यामुळे ती नवी फळी तशीच पडून आहे. त्यांनी पुस्तिकेतलं ते एक वाक्य बदलावं एवढीच खरी मागणी आहे. दुसऱ्या किटमध्येही तेच वाक्य छापलेलं आलं.

बरोबर पद्धत अशी की फळी खाचेत नुसती सरकवायची, गोंदाचा थेंबही नाही. फळी हलू नये असं वाटत असेल तर आखूड बाजूंच्या बरोबर मध्यावर एकेक थेंब चालतो, मग ती मध्याला धरून दोन्हीकडे मोकळी राहते. आणि फळीला फिनिश चिकटवायच्या आधीच द्यायचं, कडांसकट, नाहीतर ती आटली की खाचेतून कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ बाहेर येते.

दुसरी तक्रार तेलाची. बाटलीतलं तेल जवसाचं आहे, उकळलेलं म्हणून जे मिळतं ते. बाहेरून लावलं तर सुंदरच दिसतं, साग मधासारखा होतो. पण पुस्तिका सांगते आतून-बाहेरून तीन हात लावा. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. बंद डबीत हवा कुठून येणार? बाहेरची बाजू चार दिवसांत कोरडी झाली, आतली महिना झाला तरी चिकट, आणि झाकण उघडलं की तो उग्र खवट वास. आईच्या रिळांना, फितींना, एका रेशमी ब्लाउजच्या तुकड्याला तो वास इतका बसला की धुऊनही पूर्ण गेला नाही. शेवटी डबी रिकामी करून कित्येक दिवस उघडी ठेवली, आतून स्पिरिटने पुसली, मग पॉलिश पेपर मारून वर लाखेचा हात दिला तेव्हा कुठे सुटका झाली. छोट्या बंद डबीत आतून तेल नको, हे सुतारकाम करणाऱ्या कोणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच सांगतील.

आणि त्याच तेलाबद्दल सगळ्यात गंभीर गोष्ट, जी ना पुस्तिकेत आहे ना बाटलीवर. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकायचं नाही. तेल घट्ट होताना उष्णता तयार होते, घडीच्या आत ती अडकते, वाढत जाते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळत घाला, कडक झालं की टाका, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घरात नवशिक्या लोकांनी, मुलांनी करायचं किट आहे हे, त्यात ही सूचना मोठ्या अक्षरात हवी होती. एक स्टार मी निव्वळ ह्यासाठी कापलाय.

पॉलिश पेपरचे नंबर पण गडबड आहेत, ८० आणि थेट ४०० (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). ८० ने पडलेले ओरखडे ४०० ने जात नाहीत, नुसते चकचकीत होतात, आणि तेल लावलं की सगळे वर येतात, विशेषतः कोपऱ्याजवळ. लाकूड इतकं गुळगुळीत कापून येतं की ८० ची गरजच नाही, १२० ने सुरू करा, मग १८०, मग २४०, बास. पेपर हातात धरून घासू नका, सपाट काचेवर किंवा फळीवर चिकटवून डबी त्यावर फिरवा, म्हणजे कडा गोल होत नाहीत. १८० नंतर ओलसर फडकं फिरवून लाकूड वाळू द्या, बारीक तंतू उभे राहतात, हाताला खरखर लागते, मग २४० ने हलकेच काढा, ती खरखर परत येत नाही. जोडातून बाहेर आलेला गोंद पण इथेच बघून घ्या, जिथे तो राहिला असेल तिथे फिनिश शिरत नाही आणि फिकट डाग पडतो. सागाचा भुसा बारीक असतो आणि काहींना त्याने खाज सुटते, मास्क लावा.

आता दुसरी डबी, जी मला हवी तशी झाली. तिला मी तेलाची बाटली उघडलीच नाही, पूर्ण लाखेचं पॉलिश केलं. चपडा लाख, म्हणजे शेलॅक, पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचे लाखेचे किडे जे सोडतात तेच शुद्ध करून पापडासारखे पातळ तुकडे केलेले. एके काळी ७८ आरपीएमच्या रेकॉर्डसुद्धा ह्याच लाखेच्या असायच्या. हे तुकडे स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवून लावायचे, स्पिरिट उडालं की लाख वाळली, तिला हवा लागत नाही आणि मागे वास राहत नाही, म्हणून डबीच्या आतून लावायला ह्यासारखं काही नाही. १०० मिली अल्कोहोलला १२ ग्रॅम तुकडे, काचेच्या बाटलीत रात्रभर, मधून मधून हलवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं. लागेल तेवढंच करा, जुनं झालेलं मिश्रण नीट वाळत नाही, चिकटच राहतं. काचेवर एक थेंब टाकून बघायचा, काही तासांनी नख रुतलं तर ते फेकून द्यायचं.

आतल्या बाजू, तळ आणि झाकणाची फळी ह्यांना चिकटवायच्या आधीच तीन-तीन हात दिले, फक्त तिरक्या टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवली, कारण तिथे लाख लागली तर गोंद धरणार नाही. ह्याचा एक फायदा आधी लक्षात नव्हता आला, आतल्या कोपऱ्यात ओघळलेला गोंद लाखेवर चिकटत नाही, वाळला की पटाशीच्या टोकाने टचकन पूर्ण निघतो.

बाहेरून लावताना कापसाचा गोळा जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधून त्याची पुरचुंडी केली. त्यावर थोडी लाख घ्यायची, तळहातावर दाबून बघायची, ओली लागली पाहिजे पण गळता कामा नये. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, विमान जसं उतरतं आणि उडतं तसं, न थांबता एक हात मारायचा. मध्ये थांबलात की तिथे खालची लाख विरघळते आणि पुरचुंडी चिकटते. पहिल्या हातालाच सागाच्या काळसर रेषा अशा उमटल्या की मी हात थांबवून बघत राहिले, कोरड्या लाकडात त्या दिसतच नव्हत्या. दमट दिवशी मात्र करू नका, लाखेवर पांढुरकी साय धरते. दिवसाला तीन-चार हात, मध्ये ३२० ने अगदी नावाला, असे एकूण दहा हात दिले, दोन दिवस थांबून सगळ्यात बारीक स्टील वूलवर मधमाशीचं मेण घेऊन घासलं आणि फडक्याने पुसलं. काचेसारखी चकाकी नको होती, हाताला उबदार लागेल अशी मंद झळाळी हवी होती, आणि ती मिळाली. लाखेला गरम कप आणि अल्कोहोल चालत नाही, डाग पडतो, एवढं सांभाळायचं. पण खराब झालीच तर वरून नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो.

झाकण कापायला पातळ पात्याची, ओढून कापायची जपानी करवत वापरली. एका दमात आरपार नाही जायचं, चारही बाजूंनी रेघेवरून थोडं थोडं खोल जायचं, डबी फिरवत राहायचं, शेवटी चारही चरी आत भेटतात. मग दोन्ही कापलेल्या कडा काचेवरच्या पेपरवर घासून सपाट केल्या.

बिजागऱ्यांबद्दल. पितळ चांगलं आहे, पण स्क्रू इतके मऊ की पहिल्या डबीत एकाचं डोकं पिरगळून तुटलं आणि धड आतच राहिलं, आधी भोक पाडूनही. नंतर शिकले की त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून आधी फिरवून काढायचा, आटे पाडून घ्यायचे, आणि मग पितळी बसवायचा. किटमध्ये तसा एक लोखंडी स्क्रू जास्तीचा दिला तर किती लोकांचा त्रास वाचेल. दुसऱ्या डबीला मी बिजागऱ्या लावल्याच नाहीत. आतून चारही बाजूंना ३ मिमी जाडीच्या पट्ट्या बसवल्या, खालच्या कडेपेक्षा ६ मिमी वर येतील अशा, झाकण त्या पट्ट्यांवर सरकून बसतं. पट्ट्यांची वरची कड जराशी गोल करावी लागते आणि बसेपर्यंत थोडं थोडं घासत राहावं लागतं, माझी एक पूर्ण दुपार त्यात गेली, पण सगळ्या कामात आवडती दुपार तीच.

पाचपैकी तीन स्टार. लाकूड आणि कटिंगला पाच दिले असते, एक पेटणाऱ्या फडक्याच्या सूचनेसाठी गेला, एक त्या चिरेसाठी. पुस्तिका सुधारली की मी स्वतः येऊन रिव्ह्यू बदलेन. ज्यांनी घेतलंय आणि अजून चिकटवलं नाहीये त्यांनी काही अडलं तर खाली विचारा, मला येतं तेवढं सांगेन.

आईची रिळं आता दुसऱ्या डबीत आहेत. झाकण वर ठेवून हात सोडला की आतली हवा दाबत ते हळूहळू खाली जातं आणि शेवटी फुस्स करून बसतं. ती काम नसताना पण दोन-तीनदा उघडझाप करते.